सासूबाईंची पदावनती

बस डेपोत कोणत्या गाडीवर कोण ड्रायव्हर आणि कोण कंडक्टर जाणार हे ठरवणाऱ्या माणसाला सगळे चार्टमास्तर म्हणत. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. सव्वीस वर्षं ते एका लाकडी खिडकीमागे बसून एकशे चाळीस माणसांना एकशे चाळीस जागी पाठवत होते, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्यावर कोणी खूश झालं नव्हतं. त्यांचीही तशी अपेक्षा नव्हती. चार्ट लागला की अर्ध्यांनी नाक मुरडायचं आणि उरलेल्या अर्ध्यांनी शिव्या द्यायच्या, हा या कामाचा शिरस्ताच आहे. मास्तर शांतपणे चहा पीत आणि दुसऱ्या दिवसाचा चार्ट काढायला घेत.

रविवारी सकाळी दहा ते साडेबारा आणि बुधवारी संध्याकाळी सहा ते आठ मास्तर युद्ध करत. युद्ध कॉम्प्युटरवरचं होतं. वीस जण इकडे, वीस जण तिकडे. मध्ये एक नदी, दोन पूल, एक टेकडी आणि एक पडकं रेल्वे स्टेशन. वेळ संपल्यावर ज्यांच्या ताब्यात जास्त जागा ते जिंकले. मास्तरांच्या संघाचं नाव तिसरी पलटण होतं, कारण पहिली आणि दुसरी ही नावं आधीच कोणीतरी घेऊन ठेवली होती.

मास्तर या पलटणीत साधे शिपाई म्हणून आले तेव्हा तिथे वीसच्या वीस जणांना रणगाडा चालवायचा होता. रणगाड्यात तिघं मावतात. उरलेले सतरा जण त्याच्या मागे धावत आणि मरत. मास्तरांनी दोन रविवार हे मुकाट्याने पाहिलं. तिसऱ्या रविवारी त्यांनी सगळ्यांना एक फॉर्म पाठवला. तुम्हाला काय व्हायला आवडेल, असला प्रश्न त्यात नव्हताच. तो विचारला की माणूस थापा मारतो, हे त्यांनी डेपोत पाहिलं होतं. तीनच प्रश्न होते: कान कसे आहेत, एका जागी किती वेळ बसवतं, आणि खेळताना घरून किती वेळा हाक येते. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. ज्याला दर वीस मिनिटांनी दाराची बेल वाजली म्हणून उठावं लागतं, त्याला पुलावर पहाऱ्याला ठेवायचं नाही. त्याला दारूगोळा वाहायला द्यायचा. पेटी एकदा पोचवली की बेल वाजो नाहीतर भोंगा वाजो, तो मोकळा.

हुद्द्यांचंही त्यांनी तसंच केलं. किती माणसं मारली यावर हुद्दा मिळणार नाही. बारा सामने वेळेवर आलं की नाईक, चोवीसला हवालदार, आणि पुढेही तसंच. यावर पुष्कळ आरडाओरडा झाला. सगळ्यात मोठा आवाज दातांच्या डॉक्टरांचा होता, कारण डॉक्टर म्हणून मास्तरांनी त्यांना जखमींवर उपचार करणाऱ्या तुकडीत टाकलं होतं. "आठवडाभर मी लोकांची दुखणीच ऐकतो," डॉक्टर म्हणाले, "रविवारी मला माणसं मारायची आहेत." मास्तरांना हे पटलं. डॉक्टर पुढच्या फळीत गेले आणि वेळेवर येऊन येऊन सुभेदार झाले. वर्षभरात पलटण चारातला एक सामना जिंकू लागली आणि मास्तर कप्तान झाले, कारण ते पद दुसऱ्या कोणाला नको होतं.

सासूबाई मास्तरांकडे राहायला आल्या त्याला आठ महिने झाले होते. सासरे गेल्यावर त्या आपल्या चौथ्या मजल्यावरच्या घरात एकट्या राहत, कोणाचं ऐकत नसत, आणि एका सकाळी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. नळ चालूच राहिला. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं, तेव्हा कुठे चार तासांनी दार फोडलं गेलं. मास्तरांची बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. दिवसभर दुसऱ्यांच्या रक्ताच्या बाटल्या शांतपणे हलवणारी ती बाई त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात बसून ढसाढसा रडली. आईला यापुढे एकटीला राहू द्यायचं नाही असं तिने ठरवलं. ती ठरवते तेव्हा ते ठरतं.

नव्या घरी सासूबाईंना कसला म्हणून त्रास नव्हता. भाजी चिरायला घेतली की मुलगी "आई, तू बस" म्हणून हातातली सुरी काढून घेई. कपड्यांच्या घड्या घालायला लागल्या की जावई "अहो आई, राहू द्या, राहू द्या" करत धावून येई. कुंड्यांना पाणी घालायला जावं तर माती आधीच ओली असे. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली, त्यातली अकरा वर्षं सुपरवायझर म्हणून बावीस जणींना धाकात ठेवलेली ही बाई आता हॉलमधल्या खुर्चीत बसून समोरच्या इमारतीत कोण कधी कपडे वाळत घालतं तेवढं पाहत होती. मुलीला आणि जावयाला वाटे, आईची छान विश्रांती चालली आहे. दोघंही मनाने फार चांगली होती आणि दोघांनाही काडीचं कळत नव्हतं.

एका रविवारी मास्तरांच्या हेडफोनची वायर तुटली म्हणून युद्ध स्पीकरवर चाललं. वीस माणसं एकदम बोलत होती. अर्ध्या तासाने मागच्या खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तो हळू बोलणारा माणूस तीनदा काहीतरी सांगतोय. त्याला कोणी जोडूनच देत नाहीये."

हळू बोलणारा माणूस म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. तो उत्तरेच्या पुलावर टेहळणीला होता आणि शत्रू पूल ओलांडतोय असं अत्यंत सभ्यपणे सांगत होता. मास्तरांचं लक्ष जाईपर्यंत पूल गेला, मागोमाग स्टेशन गेलं, आणि पाऊण तासात पलटण होत्याची नव्हती झाली.

या खेळात कोणाचा आवाज कोणाला ऐकू जावा हे ठरवणारी एक जागा असते. तिथे बसणाऱ्याला गोळी झाडता येत नाही, म्हणून ती कायम रिकामी असे. पुढच्या रविवारी बायकोचा जुना लॅपटॉप सासूबाईंच्या खोलीत मांडला गेला आणि बरोबर दहा वाजता वीस माणसांच्या कानात एक आवाज आला: "आधी नाव, मग जागा, मग काम. तीन वाक्यांत आटपा." पलटणीत शांतता पसरली. असं आधी कधी झालं नव्हतं. कोणी पाल्हाळ लावलं की सासूबाई "आपली वेळ संपली" म्हणत आणि त्याचा आवाज बंद करत. लिफ्टवाल्याने तोंड उघडायचा अवकाश, त्या बाकी सगळ्यांना थांबवून त्याला थेट कप्तानाला जोडून देत. पलटण चारातले दोन सामने जिंकू लागली. लोक त्यांना एक्स्चेंज म्हणू लागले. हुद्दा मात्र नियमाप्रमाणे शिपाई, कारण बारा सामने व्हायचे होते.

रविवारी पावणेदहालाच इस्त्रीचे कपडे घालून, पाण्याचा पेला आणि वही घेऊन त्या लॅपटॉपसमोर बसत. वहीत प्रत्येकाची नोंद होती. शिंपी "दोन आहेत" म्हणाला की एक समजायचा. प्राध्यापक "बहुधा" म्हणाले की नक्की समजायचं. डॉक्टर काहीही म्हणाले तरी त्यांना स्वतःलाच पुढे जायचं आहे असं समजायचं. आठवडाभर चहाच्या वेळी त्या हे मास्तरांना समजावून सांगत, दोघांत जुंपे, आणि बायको म्हणे, "आई हल्ली एक पोळी जास्त खाते." घरात पुन्हा माणूस राहायला आल्यासारखं वाटत होतं.

अडचण एकच होती. मास्तरांना सासूबाईंना हुकूम देता येत नव्हता. बाकीच्यांना ते "लिफ्टवाला, दे!" एवढंच म्हणत. सासूबाईंना मात्र म्हणत, "आई, जमत असेल तर जरा लिफ्टवाल्यांना मला जोडून देता का?" एवढं वाक्य होईपर्यंत चार माणसं मरत.

"जावईबापू, इथे मी शिपाई आहे," सासूबाई म्हणाल्या. "नुसतं 'लिफ्टवाला' म्हणा."

"हो आई, म्हणतो," मास्तर म्हणाले. पण ऐन वेळी जीभ काही रेटेना.

मग तो रविवार आला. टेकडीवर डॉक्टर एकटेच पुढे घुसले होते आणि सासूबाई त्यांना मागे यायला सांगत होत्या. डॉक्टर ओरडले, "शिपाई, तोंड बंद!" सासूबाई म्हणाल्या, "आपली वेळ संपली," आणि त्यांना नऊ मिनिटं कोणाशीच जोडलं नाही. त्यांच्यापुरता विषय तिथे मिटला. एक्स्चेंजमध्ये त्यांनी याहून कितीतरी वाईट ऐकून घेतलं होतं, तेही रीतसर ड्युटीवर.

पण बायको वाळलेले कपडे घेऊन त्याच वेळी आईच्या खोलीत आली होती, आणि लॅपटॉपचा आवाज मोठा होता.

"अहो, कोणी एक दातवाला माझ्या आईला तोंड बंद कर म्हणतो आणि तुम्ही नकाशा बघत बसलात?" जेवणाआधी तिने विचारलं. "त्याला तुमच्या त्या पलटणीत सुभेदार करून ठेवलंय आणि माझी आई शिपाई? एकाहत्तराव्या वर्षी?"

मास्तरांच्या मनाला ते लागलं. शिवाय जेवणही समोर होतं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला. बुधवारच्या सामन्याआधी पलटणीच्या फलकावर आदेश लागला: शिपाई एक्स्चेंज यांना त्यांचं वय, अनुभव व सेवा लक्षात घेऊन मानद सेनापती हे पद देण्यात येत आहे. हे पद आजवर नव्हतं. मानद सेनापतींनी मागच्या तळावर, जिथे गोळी पोचत नाही, तिथे निशाणाजवळ थांबायचं. आवाज जोडण्याचं काम पलटणीतल्या विमा एजंटांकडे दिलं. सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. डॉक्टरांनी माफी मागितली आणि आता आपण त्यांना सलाम करू असं सांगितलं. बायको खूश झाली.

सासूबाई म्हणाल्या, "बरं."

दोन सामने त्या निशाणाजवळ उभ्या राहिल्या. निशाण हललं नाही. तिसऱ्या सामन्याला त्या सहा वाजता हॉलमधल्या खुर्चीत येऊन बसल्या आणि समोरच्या इमारतीतले कपडे पाहू लागल्या. मास्तरांनी विचारलं तर म्हणाल्या, "तिकडे माझ्याशिवाय काही अडत नाही." मास्तरांना ते कौतुकाने म्हटल्यासारखं वाटलं.

मंगळवारी सकाळी चहा घेताना त्यांनी सांगितलं की रविवारी दुपारी दोन वाजता त्या आपल्या घरी परत जात आहेत. टॅक्सी सांगून झाली होती. वीज पुन्हा जोडून झाली होती. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला होता. सगळं त्यांनी फोनवरून केलं होतं, कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

"आई, तू तिकडे पडलीस तर?" बायकोचा आवाज फाटला. "पुन्हा चार तास? या वेळी खालच्या बाई गावाला गेलेल्या असल्या तर?"

"दांडा बसवलाय."

"आमचं काही चुकलं का?"

"काही नाही ग. तुम्ही फार करता माझं," सासूबाई म्हणाल्या, आणि कप विसळायला उठल्या. मुलीने सवयीने तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

बायको त्या रात्री झोपली नाही, बुधवारीही नाही. भावाला फोन झाले, खालच्या बाईंना झाले. सासूबाई कोणालाच बधल्या नाहीत.  ही बाई त्या घरात एकटी मरणार, आणि आपण मूग गिळून बसलो म्हणून मरणार, असं मास्तरांना स्पष्ट दिसत होतं. 

गुरुवारी डेपोच्या खिडकीशी एक जुना ड्रायव्हर आला. त्याच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते आणि पाठ धरलेली होती, म्हणून मास्तरांनी त्याला महिनाभर राखीव ठेवला होता. राखीव म्हणजे कोणी गैरहजर राहिलं तर गाडी काढायची. नाहीतर बाकावर बसायचं. रोज कोणी ना कोणी गैरहजर असूनही मास्तर त्याला उठवत नव्हते. एवढी दया त्यांनी डेपोत कोणावर केली नव्हती.

"मास्तर, माझं काय चुकलं ते तरी सांगा," ड्रायव्हर म्हणाला.

"चुकलं? अरे, तुझ्या पाठीसाठी केलं."

"पाठीला काय झालंय? पाठ बाकावर जास्त दुखते." मग तो इकडेतिकडे बघून खालच्या आवाजात म्हणाला, "बायकोला रोज सांगतो, आज अमुक गाडी होती, तमुक प्रवासी भेटला. खोटं बोलतो. या वयात."

मास्तरांनी चार्ट ओढला, बाजाराची छोटी फेरी खोडली आणि त्याच्या नावावर लिहिली. ड्रायव्हर आभार न मानता, शिव्याही न देता निघून गेला. मास्तर बराच वेळ पेन हातात धरून बसले. खिडकीत दोन कंडक्टर भांडत होते, त्यांच्याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. आपण किती मूर्ख आहोत हे माणसाला कळतं तेव्हा थोडा वेळ द्यावा लागतो.

रविवारी सासूबाईंची बॅग सकाळीच दाराशी येऊन बसली. दहाला सामना सुरू झाला. विमा एजंट सगळ्यांना सगळ्यांशी जोडत होते आणि मधूनमधून स्वतःही बोलत होते. साडेदहापर्यंत दक्षिणेचा पूल गेला. मास्तर उठले आणि सासूबाईंच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. पायात बाहेर जायच्या चपला होत्या.

"तुमची पदावनती झाली आहे," मास्तर म्हणाले. "फलकावर आदेश लावलाय."

"किती?"

"पूर्ण. शिपाई."

"कारण?"

"विमा एजंट."

सासूबाई टेबलाशी येऊन बसल्या. लॅपटॉप उघडला. "आणि तो दातवाला पुन्हा काही बोलला तर?"

"तुमच्या ड्युटीत मी पडणार नाही."

मास्तर आपल्या जागी पोचायच्या आत कानात आवाज आला, "विमा एजंट, आपली वेळ संपली." मास्तरांनी डोळे मिटले आणि ते ओरडले, "लिफ्टवाला!" दुसऱ्याच सेकंदाला लिफ्टवाला बोलू लागला. स्टेशन वाचलं. उत्तरेचा पूल वाचला. सामना मात्र गेला, अर्धा तास फुकट गेलेला असल्यामुळे. पण हरताना प्रत्येकाला आपण कुठे आणि कशामुळे मरतोय हे नीट समजत होतं.

साडेबाराला सासूबाईंनी लॅपटॉप बंद केला, वही बॅगेत टाकली आणि हॉलमध्ये आल्या. खेळ झाला होता. त्यांचं जाणं तसंच होतं. बायको टेबलाशी भाजी चिरत होती. डोळे सुजले होते.

"बुधवारी तिकडून खेळेन," सासूबाई म्हणाल्या. "तिथेही इंटरनेट घेणार आहे."

मास्तर बॅग आणि दार यांच्यामध्ये उभे राहिले.  सुभेदारापासून डेपो मॅनेजरपर्यंत सगळ्यांना त्यांनी आजवर तोंड दिलं होतं, पण सासूबाईंशी "जरा" आणि "जमलं तर" यांच्याशिवाय ते चोवीस वर्षांत बोलले नव्हते.

"आई," ते म्हणाले, "उद्यापासून दोन्ही वेळची भाजी तुमच्याकडे. चिरायची, करायची, आणायचीसुद्धा. हिचा डबा सात वाजता तयार पाहिजे. सातला म्हणजे सातला. कुंड्या तुमच्या. विजेचं, गॅसचं, नळवाल्याचं, कोणालाही फोन करायचा असेल तो तुम्हीच करायचा. आमचं कोणी ऐकत नाही. शनिवारी मला पलटणीचा अहवाल पाहिजे."

बायकोने सुरी खाली ठेवली. "अहो, तुम्हाला वेड लागलंय का? आईचं वय काय, तिचा गुडघा..."

"गुडघा आहे, म्हणून झाडू दिलेला नाही," मास्तर म्हणाले.  "आई गेल्या तर हे सगळं कोण करणार? आठ महिने मी त्यांना बाकावर बसवून ठेवलं. तूही. त्या पडल्या तर आपल्याला दुःख होईल, हे त्यांना सांगून झालं. पण आपलं अडेल असं आपण काही ठेवलंच नाही."

 समोरच्या इमारतीत कोणीतरी कपडे काढून नेत होतं, पण सासूबाई तिकडे पाहत नव्हत्या. त्या जावयाकडे पाहत होत्या, नोकरीवर नवीन आलेल्या मुलीकडे पूर्वी पाहत तशा, वरून खालपर्यंत.

"साप्ताहिक सुट्टी?" त्यांनी विचारलं.

"गुरुवार."

"डबा सातला जमणार नाही. सव्वासात."

"सात," मास्तर म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांना नंतर कळलं.

बायकोने पुढे होऊन सुरी आईच्या हातात दिली आणि तशीच तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडू लागली. सासूबाईंनी तिला रडू दिलं. मग एका हाताने तिला बाजूला केलं, अर्धवट चिरलेल्या भाजीकडे पाहून "केवढाले तुकडे हे" म्हणाल्या, आणि फोन उचलला.

"टॅक्सी ऑफिस का? आज दोन वाजताची गाडी रद्द करा. नाही, पुढची तारीख नाही. कारण लिहायचंय?" त्यांनी एकदा जावयाकडे पाहिलं. "लिहा, बाईंना ड्युटी लागली."